वजा सहा तास

गुरुवारी दुपारी चार वाजता मला झोप येते. गेली अकरा वर्षं येते आहे. नेमकी तीच वेळ सुपरव्हिजनची आहे, आणि ती बदलून मागायचा कंटाळाही मी अकरा वर्षं करते आहे.

सुपरव्हिजन म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना सांगायचं मी सोडून दिलं. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर आहे असं आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांना वाटतं. या वयातही बाईला कामावर जावं लागतं म्हणून ते हळहळतात, आणि लिफ्टमध्ये मला आधी आत जाऊ देतात. खरं काम असं आहे. समुपदेशनाचा कोर्स करणारे विद्यार्थी आठवडाभर खऱ्या माणसांसमोर बसतात. त्यांचं ऐकतात. आणि गुरुवारी माझ्यासमोर येऊन काय ऐकलं, आपण काय बोललो, ते वाचून दाखवतात. रेकॉर्डिंगला आमच्याकडे कोणी परवानगी देत नाही. माणसं समोर बसून रडतात, पण परक्याच्या फोनमध्ये स्वतःचा आवाज ठेवून जायला तयार नसतात, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. म्हणून सेशन संपलं की विद्यार्थ्याने लगेच बसून आठवेल तेवढं शब्दाला शब्द उतरवून काढायचं. याला आमच्या समुपदेशन केंद्रात 'शब्दशः' म्हणतात. "मॅडम, या आठवड्यात माझे दोन शब्दशः आहेत," असं कोणी म्हणालं की मला ते गळवांबद्दल बोलल्यासारखं वाटतं.

मी ऐकते, प्रश्न विचारते, शक्यतो जागी राहते, आणि शेवटी तक्त्यावर सही करते. असे शंभर तास भरले आणि प्रत्येक तासापुढे माझी सही आली, की प्रमाणपत्र. सहीच्या रकान्यावर छापलेलं आहे: 'पाहिले.'

माझे वडील खरे सुपरवायझर होते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते शिफ्ट सांभाळायचे. दर तासाला प्रत्येक बॉयलरच्या मीटरवरचे आकडे लॉगबुकात उतरवून घ्यायचे, असा तिथला नियम. कंटाळलेला ऑपरेटर जिना चढून मीटरपर्यंत जायचा नाही, खाली बसूनच आकडे लिहायचा. वडील पान बघूनच ओळखायचे. म्हणायचे, "आकडे फार शहाण्यासारखे वागतायत." खरे आकडे थोडे चुकार असतात. वर जातात, खाली येतात, मधेच एखादा विनाकारण रुसतो. ही शिकवण मी माझ्या विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकवली आहे, प्रत्येक वेळी जरा मान वर करून. आता ऐकवत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीत पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची एक बाई होती. तिशीची. सहा वर्षं आश्रमशाळेत शिकवत होती. तिच्या शाळेत मुलींसाठी समुपदेशकाची जागा निघणार होती आणि मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं होतं, "जूनमध्ये भरायची आहे. प्रमाणपत्र आणा, जागा तुमची." हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, उगाच ध्येय वगैरे न सांगता. बाकीचे तिघं 'स्वतःला शोधायला' आले होते, आणि मे महिन्यापर्यंत त्यांना स्वतःचा पत्ता लागलेला नव्हता. हिला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. शंभर तास, शंभर सह्या, जूनच्या आत.

ती सकाळच्या एसटीने घाट उतरून यायची. डब्यात नागलीची भाकरी असायची. बोलायची कमी, आणि मी काही शहाणपणाचं बोलले तर इतरांसारखी मान न हलवता वहीत लिहून घ्यायची. त्यामुळे मला उलट धास्ती वाटायची. मान हलवणारा विसरून जातो, लिहून घेणारा एक दिवस तेच वाक्य आपल्यासमोर ठेवतो.

मार्चमध्ये तिच्याकडे लासलगावच्या बाजूची एक क्लायंट आली. तेवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. झोप नाही, जेवण नाही, खोलीतून बाहेर येत नाही. सासू घेऊन आली होती. घरचा कांद्याचा व्यापार, घरात काही कमी नाही, मग हिला झालंय काय, असं सासूचं म्हणणं. पहिले दोन शब्दशः अगदीच सुके होते. 'हं.' 'माहीत नाही.' 'बरं आहे.' पुन्हा 'हं.' मी नेहमीचं बोलले: तुम्ही फार विचारता. गप्प बसा. शांततेला तिचं काम करू द्या. शांततेबद्दल मी वीसेक मिनिटं बोलले असेन.

तिसऱ्या आठवड्यात क्लायंट बोलू लागली.

बोलू लागली म्हणजे काय, कालव्याचं पाणी सुटावं तशी. पुढचे सहा गुरुवार मला चार वाजता झोप आली नाही. पेठची बाई जे वाचायची त्यातलं बरंच मला अजून आठवतं. एक असं होतं:

'अंगात ताप होता. तरी पहाटे उठले. सगळ्यांचं झालं, मग चुलीपाशी जरा टेकले, तर सासू म्हणे, बसलीस का? मी म्हटलं, नाही, उठतेच आहे. अजूनही कोणी विचारलं, बसलीस का, तर मी उठून उभी राहते.'

आणि दुसरं:

'माहेरचं पत्र आलं की सासरे आधी वाचायचे. मोठ्याने, सगळ्यांसमोर. त्यामुळे आईने पत्रात कधी काही लिहिलंच नाही. पाऊस झाला, म्हैस व्याली, सगळे खुशाल. मी ते पत्र घेऊन गोठ्यात जायचे आणि पावसाचं वाक्य परत परत वाचायचे.'

मी त्या पत्रावर तुकडीसमोर बोलले. पत्र हे इथे केवळ पत्र नाही, असं मी म्हणाले. ती अडवलेली वाचा आहे. गोठा म्हणजे घरातली अशी एकच जागा, जिथे तिला कोणी सून म्हणून बघत नाही. तिघांनी माना हलवल्या. पेठच्या बाईंनी लिहून घेतलं, मग पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "मॅडम, या क्लायंटबद्दल एक सांगायचं होतं."

मी म्हणाले, "आधी पूर्ण वाचा. क्लायंटचं आधी, आपलं मागून."

त्यांनी वाचलं. मग पाच वाजले.

पेठच्या बाईंचे शब्दशः मी केंद्राच्या संचालकांना दाखवले, अर्थात नावाशिवाय. नाव, गाव, वय यांतलं काहीही शब्दशःमध्ये यायचं नाही, फक्त 'क्लायंट' लिहायचं, हा नियम माझाच आहे आणि मी तो कडक पाळून घेते. संचालक चांगले गृहस्थ आहेत. बोलताना दोन्ही हात असे उघडतात की समोरच्याला वाटावं आपल्याला काहीतरी मिळणार आहे. ते भारावले. मेच्या शेवटी प्रमाणपत्र वाटपाचा सोहळा आहे, प्रमुख पाहुणे येणार आहेत, तिथे हेच सादर होऊ द्या, म्हणाले. "ग्रामीण स्त्रीच्या मनाचा हुंकार आहे, मॅडम." हुंकार हा शब्द निमंत्रणपत्रिकेतही छापून आला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मी पावणेचारला जिना चढून आले तर बाकावर एक मुलगी बसली होती. पंजाबी ड्रेस, मांडीवर पर्स, हातात मोबाइल. अंगठा चालू होता. मला बघून उठली.

"तुम्हीच मोठ्या मॅडम का?"

वयाने, असं मी म्हणाले.

"मला विचारायचं होतं, सासूबाईंचं अजून किती दिवस चालेल?"

"कोणाच्या सासूबाई?"

"माझ्या. मंगळवारी येतात ना. माझा इथे नंबर लागलाय, त्यावर."

मी तिला आत घेतलं. कपाटातून फाइल काढली. लासलगावची, तेवीस वर्षं, झोप नाही. फाइल तिचीच होती.

"तुम्ही येत नाही का मंगळवारी?" मी विचारलं.

"दोनदा आले होते. मग त्या म्हणाल्या, तुझं राहू दे, मला तसंही गुडघ्यांच्या मशिनला नाशिकला जावंच लागतं. मी ऐकून येते आणि तुला सांगते."

"मग सांगतात?"

"काहीच नाही सांगत. घरी येऊन गप्प बसतात. आधी निदान दिवसभर बोलायच्या तरी. आता सगळे घाबरलेत. सासरे मला म्हणाले, तू जाऊन विचार, तुझ्या ओळखीचं आहे."

मी तिला विचारलं, "आणि तुमची झोप?"

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. परत काढला. म्हणाली, "ती नाहीच."

तिला पाणी दिलं, थांबायला सांगितलं. मी तिथेच बसून सहाही शब्दशः परत वाचले. झोप उडालेल्या माणसाने वाचावं तसे. तेवीस वर्षांची मुलगी सहा आठवडे बोलते आहे आणि एकदाही मोबाइलचा उल्लेख नाही. नवऱ्याने फोन बघितला नाही, आईचा मेसेज आला नाही, कोणाचं स्टेटस दिसलं नाही. घरात पत्र येतं. चूल, गोठा, पत्र. आणि 'अजूनही' हा शब्द जागोजाग. हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा मी अर्थ लावला होता. पत्र हे पत्र असू शकतं, हा एक अर्थ सोडून.

वडिलांनी पकडलेले आकडे खोटे असायचे म्हणून शहाणे वागायचे. हे आकडे खोटे नव्हते. अगदी खरे होते. बॉयलर दुसरा होता.

चारला चौघं आली. तिघांना मी परत पाठवलं. पेठच्या बाईंनी बाहेरच्या बाकावरची मुलगी बघितली होती, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"बसा."

बसल्या.

"मला सांगायचं होतं मॅडम. एकदा सुरुवातही केली होती."

"माहीत आहे. मीच थांबवलं."

"तिसऱ्या वेळी त्या एकट्याच आल्या. सून आली नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग पुढच्या मंगळवारी या. त्या म्हणाल्या, नंबर लावलाय, वाया कशाला घालवायचा, काय सांगायचं ते मला सांगा. आमच्याकडे दवाखान्यातही असंच असतं, मॅडम. आजारी माणूस घरी झोपलेलं असतं, दुसरं कोणीतरी येऊन दुखणं सांगतं आणि औषध घेऊन जातं. घाट चढून-उतरून आलेल्या माणसाला, तुझं दुखणं नाही, तू परत जा, असं कोणी म्हणत नाही. मी खाली काउंटरवर विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, फाइल तीच आहे ना, मग त्याच फाइलला लिहा."

"आणि माझ्यापुढे वाचताना?"

त्यांनी वही उघडली. मागच्या सप्टेंबरचं पान होतं, तारीख घालून. माझं वाक्य, अवतरणचिन्हांत: 'समोरच्या खुर्चीत जो बसेल तो क्लायंट.'

मी ते म्हणाले होते. माणूस जे दुखणं घेऊन आला असेल त्याकडे बघा, फाइलवर काय लिहिलंय त्याकडे नको, असा काहीतरी त्याचा संदर्भ होता. संदर्भ वहीत उतरला नव्हता. वाक्य तेवढं उतरलं होतं, कारण मी ते थांबून, दोनदा म्हटलं होतं.

"तुम्ही नाव-वय लिहू नका म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "मी एकही ओळ खोटी लिहिली नाही." मग वही मिटून, "पण मला कळत होतं, मॅडम. तुम्ही जेव्हा तिला मुलगी म्हणायचात तेव्हा कळायचं. सहा तास होते. मी गप्प बसले."

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम गेले. सासूबाई आल्या. साठीच्या, नऊवारीत, हातात कापडी पिशवी, त्यात गुडघ्याचे पट्टे. खुर्चीत बसताना दोन्ही हात टेकून बसल्या, आणि मी पूर्ण वेळ त्यांना एवढंही म्हणाले नाही की नीट बसलात का.

"त्या पोरीला रागावू नका," त्यांनीच सुरुवात केली. "तिने मला परत जा म्हटलं होतं. मीच नाय गेले."

"तुम्ही सुनेचं सांगायला आला होतात."

"तिचंच सांगायला आले. म्हटलं, लय लाडावलेली हे, कामाला हात लावत नाय, दिवसभर त्या मोबाइलात. तर तिने मला विचारलं, तुम्ही नवीन लग्न होऊन आलात तेव्हा कसं होतं?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मालकांनी नाय, पोरांनी नाय. मी म्हटलं, तुला काय करायचंय? आणि मग सांगत बसले."

"सहा मंगळवार?"

"व्हय. संपतच नव्हतं."

"आणि सून?"

त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तिचं राहूनच गेलं."

मी शांततेवर वीस मिनिटं बोलते तेव्हा मला जे म्हणायचं असतं, ते साधारण हे असतं. पण ते असं होतं तेव्हा बोलायला काही उरत नाही.

(ही हकिगत लिहायची परवानगी मी तिघींकडूनही घेतली आहे, आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. सासूबाई म्हणाल्या, "लिहा. पण गुडघ्यांचं नक्की लिहा. ते लय दुखतात, आणि त्याचं कोणी लिहित नाय.")

मग प्रश्न सहीचा. संचालकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हात उघडले. "मॅडम, तास तर झाले ना? खुर्चीत माणूस तर होतं ना? करा सही. बाईची नोकरी आहे." त्यांचं बोलणं मला खोडता येईना, कारण ते माझंच वाक्य होतं, फक्त जरा स्वस्तात मिळालेलं. नोकरीबद्दलही ते बरोबर होते. ते सहा तास धरले तर बाईंचे बरोबर शंभर भरत होते. नाही धरले तर चौऱ्याण्णव. तुकडी मेअखेर संपणार, तक्ते बंद होणार, आणि जून.

"सासूच्या नावाने नवीन फाइल उघडा आणि तास तिकडे टाका," असंही ते म्हणाले. हे त्यांच्या डोक्यातून आलेलं सर्वांत चांगलं होतं आणि मी दोन दिवस त्यावर विचार केला. पण सहीच्या रकान्यावर लिहिलेलं असतं 'पाहिले', आणि मी पाहिलेलं नव्हतं. सहा आठवडे मी एका वेगळ्याच बाईबद्दल बोलत होते, जी त्या काळात लासलगावला खोलीत पडून होती. सासूबाईंना कोणी विचारलं नव्हतं, की तुम्ही इथे क्लायंट म्हणून येताय का. त्या सुनेच्या नंबरवर आल्या होत्या आणि स्वतःचंच सांगून गेल्या. आणि सून एकटी राहिली. या सगळ्यापुढे 'पाहिले' लिहिणं म्हणजे जिना न चढता आकडा टाकणं होतं.

एकदा वडिलांच्या शिफ्टला एका ऑपरेटरने दोन नंबरच्या बॉयलरचे आकडे तीन नंबरच्या पानावर लिहिले होते. नीट, वर चढून, मीटर बघून. वडिलांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली, त्याला परत वर पाठवलं, आणि रेघेशेजारी त्याची नाही, स्वतःची सही केली. घरी आल्यावर आईला सांगत होते, "मी दोन तास ते पान उघडं ठेवून बसलो होतो. मला तरी कुठे दिसलं?" आई म्हणाली, "हात धुवा आधी." एवढंच मला आठवतं.

गुरुवारी मी तक्ता काढला. पेठच्या बाई समोर होत्या. सहा ओळींवर रेघ मारली आणि पलीकडे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वजा सहा तास. क्लायंट कोण आहे हे विद्यार्थिनीने सांगितले नाही. पर्यवेक्षकाने सहा आठवडे विचारले नाही.' खाली माझी सही.

त्यांनी वाचलं. "मॅडम, ते सहा तास वाया गेले का?"

"नाही."

"मग?"

"सासूबाईंना उपयोगी पडले. तुम्हाला आणि मला मोजता येणार नाहीत."

त्या रडल्या वगैरे नाहीत. एसटीच्या वेळेचा अंदाज घ्यावा तसं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "सहा तास मी कुठून आणू? सोहळा एकोणतीसला आहे."

"सोहळ्याचं मला माहीत नाही. सहा तास बाहेरच्या बाकावरून आणा."

पुस्तकाप्रमाणे सुनेला दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवं होतं. सासूचं सगळं ऐकलेल्या माणसाने सुनेचं ऐकू नये. मी तिला तसं समजावून सांगितलं, आणि दुसरं नावही सुचवलं. ती म्हणाली, "मला याच मॅडम चालतील. त्यांना आमचं घर आता माहीत झालंय. दुसऱ्यांना परत पहिल्यापासून कोण सांगणार?" मग मी असं ठरवलं की सुनेने सोमवारी यायचं आणि प्रत्येक सेशनच्या दुसऱ्या दिवशी मी शब्दशः बघणार, गुरुवारची वाट न बघता. आणि सासूबाई माझ्याकडे. "मला का हाकलता? ती पोर बरी होती," असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तुम्ही कमी बोलत जा." मी प्रयत्न करते आहे.

संचालकांनी शेऱ्यातली दुसरी ओळ काढायला सांगितली. संस्थेच्या दृष्टीने बरं दिसत नाही, म्हणाले. मी काढली नाही, उलट बाईंचा तक्ता जूनपर्यंत उघडा ठेवून मागितला. त्यांनीही फार ताणलं नाही, कारण हुंकार रद्द झाल्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत वीस मिनिटं मोकळी झाली होती, आणि ती त्यांच्याच भाषणाला मिळाली.

एकोणतीसला सोहळा झाला. समई पेटेना, कारण वर पंखा होता, आणि पंखा बंद करायचा तर प्रमुख पाहुण्यांना घाम येत होता. व्यासपीठावरच्या सात जणांना शाल आणि नारळ मिळाला. पाहुणे मनावर बोलले. मन अथांग आहे, असं त्यांचं मत पडलं. मग विद्यार्थ्यांना एकेक करून वर बोलावून लाल रिबिनीत गुंडाळलेली प्रमाणपत्रं दिली. पेठच्या बाईंचंही नाव पुकारलं. यादी आधीच छापलेली होती. त्या वर गेल्या, फोटो निघाला, खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि रिबीन सोडून बघितलं. आत कोरा कागद.

"हे सगळ्यांचंच असं असतं," मी म्हणाले. "खरी नंतर ऑफिसात मिळतात. स्टेजवर अदलाबदल होऊ नये म्हणून."

"म्हणजे आत्ता सगळे सारखेच आहेत."

"हो."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि रिबीन परत बांधली.

सहा तास भरायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. तोवर शाळा सुरू झाली होती. मुख्याध्यापकांना मी फोन केला, एक लांब पत्रही लिहिलं, पुराव्यांसह. त्यांनी ते वाचलं की नाही देव जाणे. फोनवर म्हणाले, "मॅडम, तीन आठवडे काय, तीन महिने थांबतो. जाहिरात दिली होती. पेठच्या पुढे यायला दुसरं कोणी तयारच नाही." त्या जागेसाठी मी रात्रंदिवस जो जीव टांगणीला लावून बसले होते, त्याचं उत्तर इतकं सोपं होतं. आणि तसं काही आनंदाचंही नव्हतं.

शेवटचा, म्हणजे शंभरावा शब्दशः त्यांनी मंगळवारी दुपारी वाचला. चार वाजले होते आणि मला झोप येत होती. पानभर काही घडत नव्हतं. क्लायंट 'हं' म्हणाली. विद्यार्थिनीने विचारलं, या आठवड्यात कसं होतं? क्लायंट म्हणाली, तसंच. मोबाइल वाजला. क्लायंटने बघितला, ठेवला. मग तिने विचारलं, सासूबाई इथे माझ्याबद्दल काय म्हणायच्या? विद्यार्थिनीने लिहिलं होतं: 'मला काय बोलावं ते कळलं नाही. मी म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. क्लायंट म्हणाली, चांगलं की वाईट एवढंच सांगा. मी गप्प बसले.' पुन्हा मोबाइल वाजला. या वेळी क्लायंटने बघितला नाही. मग 'हं'. मग 'काल तीन तास झोपले'. मग दोन ओळी नीट आठवत नाहीत म्हणून रिकाम्या सोडलेल्या.

एकही वाक्य पाठ करण्यासारखं नव्हतं. सोहळ्यात वाचण्यासारखं तर मुळीच नाही.

"बाहेर कोण बसलंय आत्ता?" मी विचारलं.

"सासूबाई. तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे ना साडेचारला. सून सोबत आलीय."

मी दार उघडून बघितलं. दोघी बाकावर बसल्या होत्या, मधे पिशवी ठेवून. सून मोबाइलमध्ये होती आणि सासूबाई तिच्या खांद्यावरून त्यात बघत होत्या. मी आत आले आणि शंभराव्या ओळीपुढे सही केली.